मोजून मारलेली उडी

'टूम रेडर' या व्हिडिओ गेममध्ये खड्डा तीन चौकोनांचा असेल तर आधी चालत कडेपर्यंत जायचं. चालण्याचं बटण दाबून धरलं की गेमची नायिका लारा कडेवर येऊन थांबते, खाली पडत नाही. तिथून मागचं बटण एकदाच दाबायचं. ती टुणकन मागे उडते, साधारण एका चौकोनाएवढी. मग पुढचं बटण आणि लगोलग उडीचं, दोन्ही दाबून ठेवायची. ती धावत सुटते आणि बरोबर कडेवरूनच उडते. हवेत असताना ॲक्शनचं बटण दाबायचं आणि समोरची कड हातात आली की वर चढेपर्यंत ते सोडायचं नाही.

१९९६ साली आलेल्या 'टूम रेडर'ची ही मुळाक्षरं. जागेवरून मारलेली उडी एक चौकोन ओलांडते, पलीकडची कड पकडली तर दोन. धावत मारलेली उडी दोन ओलांडते, कड पकडली तर तीन. चार चौकोनांचा खड्डा ओलांडता येत नाही, बटण कितीही जोरात दाबलं तरी. त्यामुळे समोर चार चौकोन दिसले की खेळणारा उडीचा नाद सोडतो आणि दुसरी वाट शोधायला लागतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हा गेम दोघांनी मिळून खेळायची रीत होती: एक जण कीबोर्डवर, दुसरा पडद्यावर बोट ठेवून चौकोन मोजायला. "दादा, तीनच आहेत. एक मागे घे आणि मार."

२०२६ मध्ये या मालिकेला तीस वर्षं होतात. डिसेंबर २०२५ मध्ये गेम अवॉर्ड्सच्या सोहळ्यात तिचे पुढचे दोन गेम जाहीर झाले. 'लीगसी ऑफ अटलांटिस' हा पहिल्या गेमचा नवा अवतार, २०२६ साठी. आणि 'कॅटलिस्ट' हा पूर्णपणे नवा गेम, २०२७ साठी. कॅटलिस्टची गोष्ट घडते उत्तर भारतात. ग्वाल्हेरच्या माणसाने ही बातमी वाचून मान वर करून एकदा किल्ल्याकडे बघितलं नसेल, असं होणार नाही.

चर्चा चालू आहे ती लाराचा नवा आवाज कसा आहे याची, दोन पिस्तुलं परत आली याची, आणि नकाशा केवढा असेल याची. मला यातल्या एकाही गोष्टीत मालिकेचं भवितव्य दिसत नाही. ते ठरणार आहे एका जुन्या, जरा रुक्षच प्रश्नावर: उडी मारण्याआधी ती पोचेल की नाही, हे खेळणाऱ्याला नुसतं बघून सांगता येईल का?

जुन्या गेममध्ये ते सांगता यायचं, कारण अख्खं जगच चौकोनांचं होतं. इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या कोअर डिझाइन या स्टुडिओने खोल्या बांधण्यासाठी स्वतःचा एडिटर तयार केला होता. त्यात प्रत्येक चौकोनाची बाजू १०२४ एकक, आणि उंची मोजायची ती त्याच्या पावाने, म्हणजे २५६ एककांच्या पायरीने. प्रत्येक चौकोनाला जमिनीची एक उंची आणि छताची एक उंची, बस. त्या काळच्या प्लेस्टेशन आणि सेगा सॅटर्न या खेळयंत्रांना एवढाच हिशेब झेपणारा होता. लारा कुठे उभी आहे, तिच्या पायाखाली काय आहे, हे शोधायला यंत्राला फक्त एक चौकोन बघावा लागे.

पण खरी हुशारी पुढची आहे. लाराच्या हालचाली याच मापात कापून बसवल्या होत्या. एका पायरीची उंची ती चालता चालताच चढते. दोन-तीन पायऱ्यांवर हात टेकून उडी घेते. सात पायऱ्यांपर्यंत उंच कड असेल तर उभ्याने उडी मारून ती पकडते आणि स्वतःला वर ओढते. आठवी पायरी आली की हात पोचत नाही. उतार दोन पायऱ्यांचा असेल तर ती उभी राहते, तिसरी पायरी झाली की घसरते. घसरता घसरता उडी मारता येते, पण त्या उडीचा रोख उतार ठरवतो, खेळणारा नाही.

हे सगळं पाठ झालं तरी माणूस पडतोच, आणि का पडतो हेही दरवेळी कळतं. मागची उडी न घेता कडेवरूनच पुढे उडी मारली तर ती जागेवरची उडी होते आणि एक चौकोन कमी पडते. उडीचं बटण उशिरा दाबलं तर लारा नुसतीच धावत खड्ड्यात जाते. समोरच्या कडेशी तिरकी असेल तर हात लागूनही पकड बसत नाही. डोक्यावर छत खाली आलेलं असेल तर उडी अर्ध्यात तुटते. चारही चुकांना चार वेगळी कारणं, आणि चारही उडी मारण्याआधी दिसत असतात. सुळ्यांच्या खड्ड्यातून धावत गेलं तर मरण, चालण्याचं बटण धरून गेलं तर एक ओरखडाही नाही. असा क्रूर पण सचोटीचा गेम होता तो.

२००० साली मालिकेतल्या 'क्रॉनिकल्स'च्या पीसी आवृत्तीबरोबर कोअरने लेव्हल एडिटर लोकांच्या हातात दिला. त्यावर हौशी मंडळी आजही लेव्हल, म्हणजे गेमचे टप्पे, बांधतात, आणि नवख्याला तिथे पहिला सल्ला मिळतो तो उडीचाच: आधी रिकाम्या खोलीत दोन ओटे ठेव, मधलं अंतर एकेक चौकोनाने वाढव, कुठली उडी कुठे संपते ते बघ, आणि मगच भिंतींना रंग दे.

ही सचोटी एका दिवसात गेली नाही. गंमत म्हणजे तिला पहिला तडा गेला तो भारतातच. १९९८ चा तिसरा गेम सुरू होतो भारतीय जंगलात. तोपर्यंत इंजिनला, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्रिकोण जमायला लागले होते, म्हणजे एकेक चौकोन कर्णावर दुमडून दोन वेगवेगळ्या उतारांचा करता येई. त्यामुळे जमीन खरीखुरी, ओबडधोबड दिसायला लागली. त्यावर गर्द झाडोरा, बुरसटलेला हिरवा रंग, रुतवणारी वाळू, अंधारातून येणारे वाघ. चौकोन जागच्या जागी होते, पण दिसेनासे झाले. तिसरा गेम छळवादी म्हणून ओळखला जातो. लोक त्याचं खापर सापळ्यांच्या संख्येवर फोडतात. माझ्या मते खरं कारण हे आहे की मापाचे नियम तेच राहिले आणि मापाच्या खुणा मात्र पुसल्या गेल्या.

२००३ च्या 'एंजल ऑफ डार्कनेस'ने वेगळं माप आणून बघितलं. कडेला लटकलं की हातातली ताकद संपत जाते आणि तिची पट्टी पडद्यावर दिसते. कल्पना चांगली होती. पण ती ताकद वाढवायची कशी, तर कुठलीशी जड वस्तू ढकलायची किंवा एखादं दार उचकटायचं, की लारा स्वतःच जाहीर करते, आता मला जास्त बळ आलं. म्हणजे पलीकडे पोचता येईल की नाही हे कडेच्या लांबीवर न ठरता मागच्या खोलीत काय ढकललं त्यावर ठरायचं. तो गेम अर्धाकच्चा बाजारात आला, नियंत्रणं जड होती, आणि मालिका कोअरच्या हातून गेली ती कायमची.

पुढे कॅलिफोर्नियाच्या क्रिस्टल डायनॅमिक्सने 'लीजेंड' (२००६), 'ॲनिव्हर्सरी' (२००७) आणि 'अंडरवर्ल्ड' (२००८) केले आणि चौकोन मोडीत काढले. लारा मोकळी झाली, सुंदर हलू लागली. थायलंडच्या लेव्हलमधलं भोगवतीचं जमिनीखालचं देऊळ आठवा, केवढा अवाढव्य कोडं-महाल होता तो. पण हात कुठे बसेल हे आता इंजिनला आधीच ठाऊक असायचं. २०१३ च्या नव्या सुरुवातीनंतर हे टोकाला गेलं. पकडायच्या कडांवर पांढरा रंग फासलेला. एक बटण दाबलं की उपयोगाच्या वस्तू उजळून निघतात. उडी थोडी चुकली तर हवेतच वळवून कडेवर आणली जाते. एका हाताने निसटती पकड मिळाली तर एक बटण दाबून सावरता येतं. त्यात थडगी, म्हणजे ज्यांच्यामुळे मालिकेला नाव मिळालं ती, ऐच्छिक झाली. मुख्य वाटेवर उरल्या बंदुका आणि धनुष्यबाण.

धंद्याचं गणित या बदलामागे होतं, हे मान्य करायला हवं. २०१३ चा गेम महिनाभराच्या आत ३४ लाख प्रती खपला, तरी प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने तो अपेक्षेपेक्षा कमी म्हणून सांगितला. एवढ्या मोठ्या आकड्याची अपेक्षा ठेवली की तीन चौकोन मोजत बसणारा खेळाडू परवडत नाही. प्रत्येकाला पलीकडे पोचवावंच लागतं. २०२२ मध्ये स्क्वेअर एनिक्सने क्रिस्टल डायनॅमिक्स, मालिकेचे हक्क आणि आणखी बरंच काही मिळून ३० कोटी डॉलरला एम्ब्रेसर या कंपनीला विकलं. त्याच वर्षाअखेरीस पुढच्या गेमचा प्रकाशक म्हणून ॲमेझॉन गेम्सचं नाव आलं. मालक बदलले, आकड्यांची भूक काही कमी झाली नसणार.

आता पांढऱ्या रंगाबद्दल. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण तो का लागतो, हे 'शॅडो ऑफ द टूम रेडर' (२०१८) मध्ये स्वतः तपासून बघता येतं. त्यात लढाई, शोध आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी ठेवता येते. लढाई सोपी करा आणि शोध कठीण करा. कडांवरचा पांढरा रंग जातो. (सगळ्यात वरची 'डेडली ऑब्सेशन' पातळी घेऊ नका, त्यात फक्त शेकोटीपाशी सेव्ह होतं आणि प्रयोग करायचा सगळा उत्साह मरतो.) पहिला अर्धा तास मजा येते. मग लक्षात येतं की खडकाच्या भिंतीवर पन्नास खाचा दिसतायत, त्यातली प्रत्येक खाच हात घालण्याजोगी वाटतेय, आणि पकडता येते फक्त एक. कुठली, हे डोळ्यांना कळायला काही मार्गच नाही. रंग काढला म्हणून जुनं माप परत येत नाही, कारण भिंत रंगासाठीच बांधलेली असते.

म्हणजे मूळ दुखणं रंगात नाही, हुबेहूब दिसणाऱ्या खडकात आहे. नव्या गेममागचं अनरियल इंजिन ५ हे आणखी वाढवणार. त्यातलं नॅनाइट तंत्र दगडाचा कण न् कण दाखवू शकतं. पूर्वी कलाकारांना प्रत्येक वस्तूच्या तीन-चार ढोबळ प्रती बनवाव्या लागत, तो व्याप गेला. जितके बारकावे जास्त, तितक्या खोट्या खाचा जास्त, आणि तितका रंग जास्त फासावा लागणार. ज्यांना वाटतं की चांगल्या चित्रामुळे शोध आपोआप चांगला होईल, त्यांनी याचा विचार करावा.

यावरचा उपाय इमारतींमध्ये आहे. माणसाने बांधलेल्या वास्तूत मोजमाप आपोआप येतं. खांब ठरलेल्या अंतरावर, थर ठरलेल्या उंचीचे, पायऱ्या एकसारख्या. डोळ्याने एक गाळा मोजला की पुढचे सगळे मोजले जातात. चौकोन जमिनीवर आखून दाखवायची गरजच उरत नाही. आणि जुन्या भारतीय वास्तूंइतकी पुनरावृत्ती क्वचितच कुठे सापडेल.

आपल्या ग्वाल्हेरच्याच किल्ल्याचं घ्या. पूर्वेच्या चढावर, दरवाज्यांच्या रांगेत एका अंगाला चतुर्भुजाचं छोटंसं देऊळ आहे, एका दगडात कोरलेलं. तिथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात शून्य लिहिलेलं आहे, म्हणून जगभरचे गणिती ते बघायला येतात. पण शून्य आलंय कशात, तर एका बागेच्या मापात: २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. शिवाय देवाला रोज ५० माळा. देणगीचा लेख, आणि त्यात जागा अशी हातांनी मोजून नोंदवलेली. कॅटलिस्टच्या लेव्हल डिझायनरांपैकी कोणी इथे आलं, तर त्यांना मी किल्ल्यावरच्या मान मंदिर महालाच्या पिवळ्या बदकांआधी हा लेख दाखवीन.

मान मंदिराची मजा खाली आहे. मानसिंह तोमराने (राज्यकाळ १४८६ ते १५१६) बांधलेल्या या महालाचे दोन मजले जमिनीच्या वर आहेत आणि दोन जमिनीखाली. खालच्या गोल दालनांत उजेड आणि हवा येते ती भिंतीतून तिरक्या काढलेल्या झरोक्यांतून. गाईड मंडळी त्यातल्याच काहींना बोलायच्या नळ्या म्हणून खपवतात. एक झुलाघर, एक केशरकुंड. पुढे मुघलांनी याच दालनांचा तुरुंग केला. अशा जागेत कोडं घालायला नवीन काही आणायची गरज नाही. वरचा झरोका उघडला की खाली उजेड कुठे पडेल, हे अनरियलचं ल्युमेन तंत्र खेळताना त्याच क्षणी मोजू शकतं. पूर्वी हा उजेड आधी गणित करून भिंतीवर भाजून ठेवावा लागे, म्हणून दार उघडलं तरी उजेड बदलत नसे. आता उजेड हीच किल्ली होऊ शकते.

पण सगळ्यात मोठं यंत्र आहे पाणी. या टेकडीवर नदी नाही. जे पाणी होतं ते कुंडांत, टाक्यांत आणि बावड्यांत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींत. मान मंदिराजवळची अस्सी खंभ्यांची बावडी तर गोल आहे, भोवती खांबांचा फेरा. बावडी मुळात कशासाठी असते? पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते, म्हणून कुठल्याही महिन्यात पाण्यापर्यंत चालत जाता यावं, यासाठी पायऱ्या. म्हणजे पातळी बदलली की वास्तूचा वापर बदलतो, हे बांधणाऱ्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. पहिल्या टूम रेडरमधली 'सिस्टर्न' ही लेव्हल अगदी याच तत्त्वावर उभी आहे: मोठ्या टाकीत पाणी भरलं की पोहून वरच्या कडा गाठायच्या, उपसलं की तळातली दारं गाठायची. लाराचा श्वास पाण्याखाली साधारण एक मिनिट टिकतो, म्हणजे पाण्यातही माप आहेच.

अशी बावडी लेव्हल म्हणून बांधायची तर सुरुवात पाण्यापासून करावी. तीन पातळ्या ठरवा: भर पावसाळा, हिवाळा, आणि जेठातला तळ. प्रत्येक पातळीला कोणते मजले कोरडे, कोणते बुडालेले, ते कागदावर लिहा. मग खांबांमधलं अंतर ठरवा. ते सगळीकडे एकच ठेवा आणि त्या अंतराला एकच उडी बसवा, जागेवरून मारायची, कड न पकडता. दोन-तीन ठिकाणी मधला खांब पडलेला दाखवा. तिथे आपोआप मोठी, धावत मारून कड पकडायची उडी लागेल, आणि ते खेळणाऱ्याला न सांगता कळेल, कारण दहा वेळा तेच अंतर त्याने आधी ओलांडलेलं असेल. गोल बावडीत एक वेगळी सोय मिळते. सारख्याच संख्येच्या खांबांचे दोन फेरे असतील तर आतल्या फेऱ्यात अंतर कमी आणि बाहेरच्यात जास्त. आतून जागेवरची उडी पुरते, बाहेरून धावावं लागतं. जुन्या चौकोनी एडिटरमध्ये खरा गोल काढता यायचा नाही, कोपरे कर्णावर कापून बहुकोनावर भागवावं लागे आणि पकड नेमकी त्याच तिरक्या कडांवर निसटायची. आजच्या इंजिनला ही अडचण नाही. अडचण ही आहे की आज कोणी इतका वेळ रिकाम्या करड्या ठोकळ्यांशी खेळत नाही. चित्रकार आधी येतात.

यात काय बिघडतं तेही सांगायला हवं. पाण्याची पातळी बदलायला दर वेळी एक मिनिटाचं दृश्य दाखवलं तर चौथ्या वेळी खेळणारा वैतागतो. पातळी सलग बदलू द्यावी आणि त्या दरम्यान हलता यावं. पाण्याखाली सगळं सारखंच निळं दिसलं तर माणूस दिशा हरवतो, म्हणून प्रत्येक मजल्याच्या खांबांवर वेगळं कोरीवकाम हवं. आणि हजार वर्षं कोणी पाय न ठेवलेल्या भुयारात मशाली पेटलेल्या नसाव्यात. तेल कोण घालतं तिथे?

मोठ्या मोकळ्या नकाशाला मात्र मी सरसकट नावं ठेवणार नाही. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने २०१७ मध्ये दाखवून दिलं की अफाट मैदानातही माप टिकतं. तिथे जवळजवळ कुठलीही भिंत चढता येते, पण चढताना दमाचं हिरवं चक्र रिकामं होत जातं, आणि पाऊस आला की हात घसरतो. खेळणारा कड्याकडे बघून म्हणतो, एवढ्या दमात निम्मं होईल, मध्ये ती फळी दिसतेय, तिथे थांबू. तीन चौकोन मोजण्याचीच ही धाकटी बहीण. एंजल ऑफ डार्कनेसमधली ताकदीची पट्टी इथवर पोचू शकली असती. कॅटलिस्टला चौकोन नको असतील तर दम घ्या, दोराची लांबी घ्या, श्वास घ्या. काहीही घ्या, पण एकदा ठरवलं की गेम संपेपर्यंत बदलू नका, आणि ते विकत घेता येणाऱ्या कौशल्यांच्या झाडावर टांगू नका. दोर नवव्या तासाला अचानक दुप्पट लांब झाला, तर आधीच्या आठ तासांचा अंदाज फुकट गेला.

भारतात येताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागेल. तिसऱ्या गेममधल्या भारतीय देवळात सहा हातांच्या शिवमूर्ती जिवंत होऊन तलवारी परजतात आणि लारा त्यांना गोळ्या घालते. १९९८ मध्ये ते खपून गेलं. आज ओरड होईल, आणि ती निव्वळ हळवेपणाची असेलच असं नाही. डिझाइन म्हणूनही ते आळशी आहे, कारण मूर्ती तिथे का आहे याच्याशी त्या लढाईचा काही संबंध नाही. इकडच्या जागा ओसाड नसतात. किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, गोपाचलच्या जैन मूर्तींपुढे लोक हात जोडतात. ज्याला खरोखर थडगं म्हणता येईल ते खाली गावात, सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाचं. तिथे काय चालतं? दर डिसेंबरात संगीत समारोह, आणि गळा गोड व्हावा म्हणून चिंचेचा पाला खाणारे गाणारे. अशा थडग्यात लाराने काय लुटावं?

२०१८ च्या गेमने हा प्रश्न स्वतःला विचारून बघितला होता. ती सुरा उचलते, पूर येतो, गाव वाहून जातं, ती हळहळते, आणि पुढच्या तासात पुन्हा वस्तू खिशात घालायला लागते. पश्चात्ताप दृश्यात आणि लूट खेळात, अशी वाटणी झाली की कोणालाच काही वाटत नाही. माझं मत असं की खरी पूजेतली ठिकाणं दिवसाउजेडी, माणसांनी भरलेली दाखवावीत, त्यांना हात लावू नये. आणि उडी, पाणी, उजेड यांचा खेळ कल्पनेतल्या हरवलेल्या जागेत मांडावा, पण ती जागा इथल्या वास्तूंच्या मापाने बांधलेली असावी. एखाद्या बावडीत अडकलेलं पाणी पुन्हा वाहतं करणं, हेही साहसी गेमचं उद्दिष्ट होऊ शकतं. नेहमी काहीतरी उचलूनच का न्यायचं?

कॅटलिस्टला वेळ आहे. आधी परीक्षा लीगसी ऑफ अटलांटिसची, आणि तिचा पेपर सगळ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्या तीन गेमची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा एक छोटा प्रयोग आपोआप झाला. त्यात जुनी नियंत्रणं आणि नवी नियंत्रणं असे दोन्ही पर्याय आहेत. नव्यांत कंट्रोलरची काठी जिकडे वळवाल तिकडे लारा पळते. ऐकायला सोयीचं, पण एक मागची उडी, मग धाव, मग कड, ही साखळी त्यात नीट बसत नाही, कारण मागे म्हटलं की ती वळून चालायला लागते. ज्यांना तिथे सारख्या उड्या चुकल्यासारख्या वाटतात त्यांनी पर्यायांत जाऊन जुनी नियंत्रणं लावावीत. पंधरा मिनिटं हात अवघडतात, मग तेच चौकोन पुन्हा मोजता येतात. चित्र जुनं करायचं बटणही आहे. अंधाऱ्या खोलीत कड दिसेना झाली की ते दाबून बघा, जुन्या चित्रात ती बऱ्याचदा स्पष्ट दिसते.

नव्या अवतारात चौकोन परत येतील, असं मला वाटत नाही, आणि ते यायलाच हवेत असा हट्टही नाही. ॲनिव्हर्सरीने २००७ मध्ये हाच गेम चौकोनांशिवाय केला होता आणि तो वाईट नव्हता. तो घसरला दुसरीकडे: हरवलेल्या दरीतला टी-रेक्स मूळ गेममध्ये कुठलीही पूर्वसूचना न देता धुक्यासारख्या अंधारातून येतो, ॲनिव्हर्सरीत त्याचा नेम धरून, वेळ साधून बटणं दाबायचा मोठा तमाशा झाला.

पेरूमधली ती दरी, म्हणजे 'लॉस्ट व्हॅली', मी आधी तपासणार. तिथलं कोडंही पाण्याचंच आहे. तीन दातेरी चाकं दरीत विखुरलेली. ती शोधून धबधब्याच्या वरच्या यंत्रात बसवायची आणि खटका ओढायचा, की नदी आपली वाट बदलते आणि पुढचा रस्ता मोकळा होतो. मूळ गेममध्ये हे यंत्र दाखवायला बाण नव्हता, की कानात पुटपुटणारी लारा नव्हती. पाणी कुठून येतंय ते बघत वर चढलं की ते सापडायचं. तुम्हीही नवा गेम घेतलात तर त्या धबधब्याच्या तळाशी नुसते उभे राहा, बटणांवरचे हात काढा, आणि पडद्यावर पहिली सूचना किती सेकंदांनी उमटते ते घड्याळ लावून बघा.